गाण्यातली तालीम: गुरू आणि शिष्य यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंदुस्थानी गायन शिकणारे, त्यांचे पालक आणि नुकतेच शिकवू लागलेले गायक हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. रागांची माहिती आता कुठेही मिळते. घोडं अडतं ते गुरूशी काय बोलावं, कधी बोलावं आणि काय गिळून टाकावं इथे. गुरू-शिष्यांत बेबनाव होतो तेव्हा त्याचं मूळ गाण्यात क्वचित सापडतं. वेळ, पैसे, रेकॉर्डिंग आणि दुसरीकडे शिकणं, या गोष्टींवर सुरुवातीला कुणीच तोंड उघडलेलं नसतं. पुढची उत्तरं त्या अनुभवातून आलेली आहेत आणि काही ठिकाणी ती स्पष्ट आहेत.

क्लास आणि तालीम यांत फरक काय?

क्लासला वेळापत्रक असतं, अभ्यासक्रम असतो आणि एका वेळी पाच ते पंधरा जण असतात. तालमीत गुरू गातात, शिष्य मागोमाग म्हणतो आणि पुढे कधी जायचं ते त्याचा गळा ऐकून ठरतं.

क्लासला नाक मुरडण्याचं कारण नाही. पूर्वी गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी राहून, घरची कामं करून, वर्षानुवर्षं थांबावं लागे. विष्णु दिगंबर पलुस्कर स्वतः मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे अशाच पद्धतीनं शिकले. मग ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरलेली फी, ठरलेल्या वेळा, छापील धडे, एका खोलीत अनेक विद्यार्थी. मध्यमवर्गीय घरांतल्या मुलामुलींना गाण्याचं दार उघडलं ते या वाटेनं. किंमत एवढीच पडली की पंधरा जण एकदम गात असताना कुणाचा गंधार उतरलाय हे शिकवणाऱ्याला कळत नाही, आणि गाणाऱ्याला तर नाहीच नाही. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं चांगल्या क्लासात काढून मग एकट्यानं तालीम घेणं, हा बहुतेकांसाठी व्यवहार्य मार्ग आहे.

गुरू निवडताना काय पाहावं?

गुरूंचं गाणं ऐकाच, पण त्याआधी त्यांच्या शिष्यांचं ऐका. चार-पाच वर्षं टिकलेला निदान एक शिष्य असावा आणि त्याचा सूर लागलेला असावा. सगळेच शिष्य वर्ष-दीड वर्षात गळत असतील तर कारण शोधा.

उत्तम गाणारा उत्तम शिकवतोच असं नाही. केसरबाई केरकर अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत तयार झालेल्या थोर गायिका, पण त्यांनी जवळजवळ कुणाला शिकवलं नाही. धोंडूताई कुलकर्णी त्यांच्या एकमेव शिष्या म्हणून ओळखल्या जातात. उलट बी. आर. देवधरांचं नाव शिक्षक म्हणून मोठं झालं. कुमार गंधर्व लहान वयात मुंबईला त्यांच्याकडेच शिकायला आले.

शक्य असेल तर एक तास नुसतं बसून ऐकण्याची परवानगी मागा. तिथे तीन गोष्टी टिपा. शिष्य एकटा किती वेळ गातो? साठ मिनिटांतली दहाही नसतील तर ते शिकवणं नाही, बैठक आहे. चूक सांगताना गुरू 'सूर बघ' एवढंच म्हणतात, की 'निषाद खाली राहिला, षड्जाला टेकून पुन्हा घे' असं नेमकं सांगतात? आणि शिष्याच्या पट्टीत (षड्ज म्हणजे सा ज्या उंचीवर धरतात ती) शिकवतात की स्वतःच्या? या शेवटच्या मुद्द्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पहिल्या भेटीत पैशांचं बोलणं उद्धटपणाचं दिसत नाही का?

मुळीच नाही. न बोलणं जास्त महागात पडतं. फी महिन्याची की तासाची, गुरूंचा कार्यक्रम लागून तास बुडाला तर तो भरून मिळतो का, तुम्ही न कळवता गैरहजर राहिलात तर काय, सुट्टीच्या महिन्याचे पैसे द्यायचे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. काही गुरू आकडा सांगत नाहीत, 'तुम्हाला जमेल ते द्या' म्हणतात. अशा वेळी त्याच गुरूंकडे शिकणाऱ्या ज्येष्ठ शिष्याला विचारा आणि तेवढी रक्कम दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, न मागता द्या. सगळ्यांसमोर नोटा मोजून देऊ नयेत, हा साधा रिवाज अजून पाळला जातो.

फी परवडत नसेल तर तसं सरळ सांगा. गाण्यातले पुष्कळ गुरू अशा शिष्याला सूट देतात. तीन महिने थकवून मग कारणं देणाऱ्याबद्दल मात्र त्यांच्या मनात अढी बसते.

गंडाबंधन करावंच लागतं का?

नाही. गंडाबंधनात गुरू शिष्याच्या मनगटावर धागा (गंडा) बांधतात, शिष्य गुरूंना दक्षिणा आणि वस्त्र देतो, गुरू त्याला काही गोड भरवतात (खाँसाहेबांच्या घराण्यांत गूळ-चणे), आणि जमलेल्या मंडळींसमोर 'हा माझा शागीर्द' असं जाहीर होतं. त्यानंतर शिष्यानं गुरूंना न विचारता दुसरीकडे शिकू नये आणि गुरूंनी हातचं राखून ठेवू नये, अशी दोन्ही बाजूंची बांधिलकी धरली जाते.

आज अनेक मोठे गायक हा विधी न करता शिकवतात. गुरूंनी सुचवला तर घाई करू नका, तुम्हालाही विचार करायला वेळ हवा. शिकायला लागून महिनाही झाला नाही आणि गंडा बांधण्याचा आग्रह होतोय, सोबत मोठी रक्कम सांगितली जातेय, तर सावध व्हा. आणि उलट, गंडा बांधला म्हणून विद्या आपोआप गळ्यात उतरत नाही. गंडा बांधून वर्षभर न फिरकलेले शिष्य प्रत्येक गुरूकडे दोन-चार तरी असतात.

गुरुदक्षिणेचं म्हणाल तर तिला एकच रूप नसतं. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. त्यांच्या स्मरणार्थ त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून पुण्यात जो संगीत महोत्सव उभा केला, तो आजही भरतो.

गुरूंना काय म्हणून हाक मारायची?

वर्गातले बाकीचे म्हणतात तेच. बुवा, गुरुजी, ताई, माई, खाँसाहेब, जे रूढ असेल ते. गुरूंचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, ते दिवंगत गुरूंबद्दल विशेष करून. सवय नसेल तर नाटकीपणानं करू नका, कुणी अडवत नाही.

तासाच्या आधी येऊन तानपुरा लावायला सांगतात. हे कामाला लावणं नाही का?

हे काम नव्हे, हाच पहिला धडा आहे, आणि फुकट मिळणारा आहे. तानपुरा लावता येणं म्हणजे कान तयार होणं. पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा.

आधी मधल्या दोन तारा, म्हणजे जोडी, ठरलेल्या षड्जाला मिळवा. मग खर्जाची (खालच्या षड्जाची) पितळी तार. शेवटी पहिली तार, ती साधारणपणे पंचमाला लागते. पण आज काय शिकवणार हे माहीत हवं. मालकंसात पंचम नाही, म्हणून तिथे ती तार मध्यमाला लावतात. मारवा-पूरियासारख्या रागांना बहुधा निषादाला. खुंटीनं तार जवळ आणायची, जव्हारीचा दोरा (तार आणि घोडी यांच्या मधला) घोडीवर केसभर मागेपुढे सरकवून आवाज खुला करायचा आणि उरलेला बारीक फरक मणक्यानं (तारेत ओवलेल्या मण्यानं) काढायचा. नवशिके मणक्यापासून सुरुवात करतात. मग मणका टोकाला जाऊन बसतो, सूर मिळत नाही, आणि घाबरून खुंटी पिळली की तार तुटते. एसीच्या खोलीतून बाहेर काढलेला तानपुरा दहा मिनिटांत उतरतो, तेव्हा लावायच्या जागीच तो थोडा वेळ ठेवून द्या.

गुरू आल्यावर ते पुन्हा हात लावतीलच. त्यांनी नेमकं काय बदललं ते ऐका. वर्षभरात ते हात लावायचे कमी झाले, तर तुमचा कान पुढे सरकलाय.

पण भाजी आणणं, बँकेची कामं, मुलांना शाळेत सोडणं हे तालमीत मोडत नाही. प्रेमानं कधी केलं तर वेगळं. तालमीचा तासच त्यात जाऊ लागला तर बोलायला हवं.

गुरू पुरुष आहेत आणि मी मुलगी. त्यांच्याच पट्टीत गायला सांगतात. चालेल का?

नाही चालणार, निदान पहिली काही वर्षं तरी नाही. पुरुषांचा षड्ज साधारण पेटीच्या (हार्मोनियमच्या) पांढरी एक ते काळी दोन या पट्ट्यांच्या आसपास असतो, बायकांचा काळी तीन ते काळी पाच. काळी एकच्या तानपुऱ्यावर मुलगी एक सप्तक वर गायली तर तार (वरच्या) सप्तकातल्या पंचमापर्यंत जाताना तिला किंचाळावं लागतं. खाली उतरली तर मध्य सप्तकातच आवाज बसतो आणि मंद्र (खालचं सप्तक) तर लागतच नाही. सवयीनं मग ती जबडा आवळते, घशातून दाबून गाते, किंवा सगळं खोट्या पातळ आवाजात काढते. या खोडी मोडायला पुढे वर्षं जातात. गुरू बाई आणि शिष्य वयात आलेला मुलगा असेल तर हीच अडचण उलटी होते.

उपाय दोन आहेत. पहिला, तालीम शिष्याच्या पट्टीतच द्यायची. गुरूंना काही जागा पूर्ण आवाजात दाखवता येत नाहीत, तिथे ते हळू आवाजात किंवा सप्तक बदलून दाखवतात. गुरूंच्या गळ्याला हे गैरसोयीचं असतं, तरी सुरुवातीच्या शिष्यासाठी हाच बरा. दुसरा, गुरूंनी आपल्या पट्टीत गायचं आणि शिष्येनं तिच्या पट्टीत उत्तर द्यायचं. काळी एक आणि काळी तीन अशा पट्ट्या असतील तर गुरूंचा मध्यम तोच शिष्येचा षड्ज होतो. हे जमायला कान पक्का लागतो, म्हणून चार-पाच वर्षांनंतर.

विचारायचं कसं? 'तुमची पट्टी मला जमत नाही' असं म्हणू नका. 'घरी काळी चारमध्ये रियाज केला तर खर्ज नीट लागतोय, आज त्या पट्टीत ऐकता का?' असं म्हणा. बहुतेक गुरू ऐकतात. एकदाही ऐकायला तयार नसतील तर त्या गुरूंकडे मुलींनी शिकू नये, मग ते कितीही मोठे असोत.

सहा महिने झाले, तेच पलटे (स्वरांच्या सरावाचे ठरावीक क्रम) चाललेत. पुढे का नेत नाहीत?

बहुधा एखादी गोष्ट अडलीय आणि ती शब्दांत सांगून सुटणारी नाही. आकार ('आ' म्हणत गाणं) मिटतोय, दुगुणीत मधले स्वर पुसट होतायत, किंवा श्वास स्वरांच्या मध्येच तुटतोय. स्वतःच तपासा. 'सारेगम, रेगमप' हा पलटा तानपुऱ्यावर आधी ठाय (संथ), मग दुगुण (दुप्पट), मग चौगुण (चौपट) लयीत गा आणि फोनवर ऐका. चौगुणीत चारही स्वर वेगळे ऐकू येत नसतील तर उत्तर मिळालं.

तरीही विचारायला हरकत नाही. 'पुढचं कधी?' या प्रश्नानं गुरू वैतागतात. 'यात माझं नेमकं काय कमी पडतंय?' असं विचारलं तर त्यांना उत्तर द्यावं लागतं. दोन-तीनदा विचारूनही उत्तर मिळालं नाही आणि मागून आलेले सगळे पुढे गेले, तर गुरूंचं तुमच्याकडे लक्ष नाही, असं समजायला जागा आहे.

वहीत लिहून घेऊ देत नाहीत. का?

लिहिताना कान बंद होतो, म्हणून. भातखंडे आणि पलुस्कर या दोघांनीही स्वरलिपी तयार केल्या. भातखंड्यांनी तर शेकडो बंदिशी (रागात बांधलेली गीतं) लिपीत उतरवून वाचवल्या. तरी कण (स्वराला लागणारा दुसऱ्या स्वराचा स्पर्श), मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), आंदोलन (स्वराचं झुलणं) कागदावर पूर्ण उतरत नाहीत. दरबारीचा कोमल गंधार लिपीत एक खूण असतो, गळ्यात तो झुलत असतो.

तासाला ऐका, म्हणा. घरी पोचल्यावर त्याच दिवशी बंदिशीचे शब्द, ताल, समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) जागा आणि मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) कितव्या मात्रेला उठतो ते लिहा. शब्दांची खात्री पुढच्या तासाला करून घ्या. ब्रज भाषेतले शब्द ऐकण्यात हमखास चुकतात आणि अशी चुकीची बंदिश पुढे तीन पिढ्या चालते.

तासाचं रेकॉर्डिंग करावं का?

विचारून करा. चोरून केलेलं रेकॉर्डिंग उघड झालं की विश्वास जातो आणि तो सहसा परत येत नाही. गुरू नकार का देतात तेही समजून घ्या. तालमीत ते आवाज न तापवता गातात, मध्येच थांबतात, कधी मुद्दाम चुकीचं गाऊन दाखवतात. तो तुकडा बाहेर फिरला तर त्यांची फजिती होते.

परवानगी मिळाली तर फाइलला राग, ताल आणि तारीख अशी नावं द्या. कुणालाही पुढे पाठवू नका, गुरुबंधूंनाही नाही. रियाज करताना रेकॉर्डिंगबरोबर गाऊ नका. आधी ऐका, बंद करा, मग गा. सोबत गाण्याची सवय लागली की एकट्यानं गाताना सूर डगमगतो.

पारंपरिक बंदिशी कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत. पण गुरूंनी स्वतः बांधलेल्या बंदिशीला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आहे, रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. ती मैफिलीत गाण्याआधी विचारा, गाताना त्यांचं नाव सांगा, आणि यूट्यूबवर टाकण्याआधी पुन्हा विचारा.

यूट्यूबवर ऐकलेला राग गुरू शिकवतात त्यापेक्षा वेगळा आहे. बरोबर कोण?

बहुतेक वेळा दोघंही. बागेश्रीत पंचम किती घ्यायचा आणि कुठून घ्यायचा यावर परंपरांचं एकमत नाही. अनेक रागांत असं एखादं वळण असतं. 'पण अमुक तर असं गातात' असं तासाला मध्येच म्हणू नका. शिकवताना तार लागलेली असते, ती तुटते. शिकवणं संपल्यावर विचारा: 'आपल्याकडे हा पंचम असा का घेतात?' चांगल्या गुरूंना हा प्रश्न आवडतो आणि उत्तरात एखादी जुनी बंदिशही पदरात पडते. पहिली पाच वर्षं मात्र गायचं ते गुरूंनी सांगितलेलंच. ऐकायचं सगळं.

गुरू खूप ओरडतात. किती सहन करायचं?

चुकीवर ओरडणं आणि माणसावर ओरडणं यांत फरक करा. 'शंभरदा सांगितलं, धैवत चढा नको' हे कडक आहे, पण त्यात पुढे काय करायचं ते कळतं. 'तुझ्या घराण्यात कुणी गायलंय का' किंवा रूपावर, जातीवर, आईवडिलांवर बोलणं यात शिकवणं काहीच नाही. भीतीनं गाणाऱ्याचा श्वास वर चढतो, खांदे उचलले जातात आणि सूर चढा लागतो. म्हणजे ज्यासाठी ओरडले तेच बिघडतं. मारहाण कुठल्याही कारणानं मान्य करू नका.

बसण्याची ढब किंवा पोटाचा श्वास दाखवण्यासाठी स्पर्श करावा लागतोच, असं नाही. गुरूंना स्वतःवर किंवा आरशात दाखवता येतं. एकट्याला रात्री बोलावणं, 'ही गोष्ट घरी सांगू नको' असं म्हणणं, तालमीच्या बदल्यात जवळीक मागणं, ही धोक्याची चिन्हं आहेत. शिष्य १८ वर्षांखालचा असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा) लागू होतो आणि गुन्हा माहीत असलेल्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. संस्थेत शिकणाऱ्या सज्ञान मुलीला २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. 'गुरूची बदनामी होईल' म्हणून गप्प बसवणारे गुरुबंधू भेटतील. त्यांचं ऐकू नका.

मुलाचा आवाज फुटतोय. तालीम थांबवावी का?

थांबवू नका, बदला. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं आणि आवाज जवळपास सप्तकभर खाली येतो. काही महिने, कधी दोन वर्षंही, सूर हातात राहत नाही. या काळात जुन्या पट्टीत तार सप्तक गायला लावणं हा अपराध आहे. षड्ज खाली आणा, दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, मध्य सप्तकातले पाच-सहा स्वरच गाऊ द्या, तेही पंधरा-वीस मिनिटं. उरलेला वेळ तालाला द्या. हातानं ताल देत एकताल, झपताल म्हणणं, बंदिशी पाठ करणं, तबल्याचे ठेके वाजवायला शिकणं, भरपूर ऐकणं.

गुरूंचं खरं काम इथे वेगळंच असतं. स्पर्धांत बक्षिसं मिळवणारा मुलगा अचानक बेसूर व्हायला लागतो, आणि पुष्कळ मुलं नेमकी याच वर्षी गाणं सोडतात. हे काही काळाचं आहे आणि नवा आवाज कसा येईल ते आत्ता कुणालाच माहीत नाही, हे त्याला आधीच, आवाज फुटण्यापूर्वी सांगून ठेवावं.

पालकांनी तासाला बसावं का?

दहा वर्षांखालच्या मुलासोबत जरूर बसावं. पण मागे, न बोलता, ताल न देता. आईनं मान डोलावली की मूल गुरूंकडे बघायचं सोडून आईकडे बघतं. घरी चुका काढू नका, तुमच्या कानाची तालीम झालेली नाही. तुमचं काम एवढंच की रोज ठरलेल्या वेळी तानपुरा सुरू व्हावा, लहानग्यांसाठी वीस मिनिटं, आणि त्या वेळात टीव्ही बंद असावा.

गुरू परीक्षांच्या विरोधात आहेत. मुलीला विशारद तर व्हायचंय.

दोघांचंही बरोबर असू शकतं. संगीत परीक्षांची प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकारपर्यंतची शिडी शिस्त लावते. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुणही त्यावर मिळतात. तोटा असा की एका वर्षात ठरलेले दहा-बारा राग पुरे करायचे म्हणून प्रत्येक राग पाच तानांवर उरकला जातो. तडजोड चालते: वर्षातले आठ-नऊ महिने गुरूंच्या मनाप्रमाणे एक-दोन राग, आणि परीक्षेआधी तीन महिने अभ्यासक्रम. हे वर्षाच्या सुरुवातीला ठरवा. फॉर्म भरल्यावर गुरूंना कळवणं हा भांडणाचा खात्रीचा रस्ता आहे.

गुरूंच्या मैफिलीत मागे बसायला बोलावलंय. काय करायचं असतं?

तानपुरा सलग आणि एकसारखा छेडायचा. गुरूंच्या लयीबरोबर बोटांची गती बदलू द्यायची नाही, ही पहिली अट. आवाज द्यायचा तो गुरूंनी खूण केल्यावर किंवा त्यांनी श्वास घेतला की मुखड्याला. त्यांनी नुकत्याच लावलेल्या स्वराच्या वर जायचं नाही. ते गंधारावर बढत (रागाचा सावकाश विस्तार) करत असताना शिष्यानं पंचम दाखवला, तर पुढची दहा मिनिटं त्यानं खाऊन टाकली. तान घ्यायला सांगितली तर छोटी घ्या आणि समेवर या, टाळ्यांची वाट पाहू नका. गुरू वयस्कर असतील तर तार सप्तकातला षड्ज धरून ठेवणं ही खरी मदत असते.

मानधनाचं? पहिली एक-दोन वर्षं बहुतेक ठिकाणी मिळत नाही आणि शिकायला मिळतं म्हणून कुणी मागतही नाही. पण प्रवास आणि राहण्याचा खर्च शिष्यावर पडता कामा नये. नियमित साथ करणाऱ्या शिष्याचं पाकीट आयोजकांकडून वेगळं मागून घेणारे गुरू आहेत, आणि तोच योग्य पायंडा आहे.

दुसऱ्या गुरूंकडे शिकायचंय. कसं सांगू?

आधी कारण स्वतःला स्पष्ट करा. पहिल्या पाच-सहा वर्षांत दोन घराणी एकत्र शिकणं बहुधा अंगाशी येतं. किराणा घराण्यात एकेक स्वर घेऊन संथ बढत होते. जयपूर-अत्रौलीत आवर्तन बांधलेलं असतं आणि आलापही लयीच्या अंगानं जातो. आग्र्याचा नोमतोम (नोम-तोम अशा अक्षरांवरचा आलाप) आणि बोलबांट (बंदिशीचे शब्द लयीत वाटून गाणं) आणखी वेगळी. कच्च्या गळ्यात याची खिचडी होते. पाया झाल्यावर मात्र ते शक्य आहे. गजाननबुवा जोशींनी ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा अशा तिन्ही परंपरांतून विद्या घेतली. आईच गुरू असूनही किशोरी आमोणकर लहानपणी अंजनीबाई मालपेकरांकडे आणि पुढे इतर घराण्यांच्या गुरूंकडेही शिकल्या.

क्रम असा ठेवा. आधी सध्याच्या गुरूंना प्रत्यक्ष भेटून सांगा, मेसेजवर नाही. मग नव्या गुरूंकडे जा आणि आधी कुणाकडे शिकलात ते न लपवता सांगा. गाण्याच्या जगात सगळे एकमेकांना ओळखतात, आठ दिवसांत कळतंच. नव्या गुरूंकडे जुन्यांच्या चुका सांगू नका. नवे गुरू खोदून खोदून विचारत असतील तर ते लक्षण चांगलं नाही. सगळी फी चुकती करा, पुस्तकं आणि वाद्यं परत द्या, गुरुपौर्णिमेला पहिल्या गुरूंना भेटायचं सोडू नका. गुरू रागावतील, काही महिने बोलणारही नाहीत. तरी तुम्ही स्वतः सांगितलंत, ही गोष्ट ते लक्षात ठेवतात.

ऑनलाइन तालीम खरी की खोटी?

खरी, पण अपुरी. आवाज पोचायला उशीर होतो, त्यामुळे दोघांना एकत्र गाता येत नाही आणि गुरूंना ताल धरून तुमच्याकडून गाऊन घेता येत नाही. तानपुरा आणि तबला तुमच्या बाजूला वाजू द्या. अॅपमधली गोंगाट कमी करण्याची सोय बंद करा. ती तानपुऱ्याला गोंगाट समजून कापते आणि लांब धरलेला स्वरही मध्येच गिळते. हेडफोन वापरा, कॅमेरा असा ठेवा की कंबरेपासून वर सगळं दिसेल, नाहीतर गुरूंना तुमचा श्वास दिसत नाही. बंदिशी, रागाची चर्चा, पाठांतर ऑनलाइन छान होतं. आवाजाचा लगाव आणि लय यांसाठी दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी समोर बसायला जा.

मी स्वतः शिकवायला कधी लागावं?

गुरूंना विचारून, आणि लहान मुलांपासून. मुलांचा सूर खालीवर झाला की तुमच्या कानाला तो लगेच कळायला हवा, ही किमान पात्रता. गुरूंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांच्याच विद्यार्थ्यांना कमी फीत घेऊ नका. हे सांगावं लागतं, कारण घडतं.

गुरू थकलेत, आता शिकवत नाहीत. पुढे काय?

जात राहा. शिकवणं थांबलं तरी ऐकणं थांबत नाही. तुम्ही गायलात की त्यांची बोटं आपोआप ताल देऊ लागतात आणि चुकीच्या जागी थांबतात. त्यांच्याकडच्या बंदिशींची यादी करायची, शब्द तपासून घ्यायचे, कुणाकडून आल्या ते विचारून लिहून ठेवायचं, तर ते याच काळात. जुन्या कॅसेट असतील तर घरच्यांच्या परवानगीनं डिजिटल करून घ्या आणि एक प्रत त्यांच्याच घरी ठेवा. नवी तालीम लागेल ती ज्येष्ठ गुरुबंधू किंवा गुरुभगिनींकडे मागा. त्यांना तुमचं गाणं ठाऊक असतं आणि पहिल्या पलट्यापासून सुरुवात करावी लागत नाही. त्यांची फी मात्र विचारा. गुरुबंधू आहेत म्हणून फुकट शिकवतील, हे गृहीत धरू नका.